माझी जात जाहिरातीनं सांगितली

"बौद्ध समाजातली सुशिक्षित स्थळं, आता तुमच्या शहरात!"

आवाज माझ्याच फोनमधून आला. कॉलनीच्या महिला मंडळात पाडव्याच्या जेवणाची तयारी चालली होती. बायकांना गाणी हवी होती, म्हणून मीच फोन ओट्यावर लावून ठेवला होता. दोन गाण्यांच्या मध्ये ही जाहिरात. बंद करायला धावले तर हात तेलाचे. पूर्ण वाजली.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"वहिनी, आप बैठो ना. पुऱ्या आम्ही बघतो."

दरवर्षी पुऱ्या मीच तळायचे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नाही. इंदूरच्या या कॉलनीत जात कुणी विचारली नव्हती, मी सांगितली नव्हती. मुलीसाठी स्थळं शोधत होते, माझ्या खोलीत, दार लावून. फोननं ते पाहिलं आणि कुणाला तरी विकलं.

घरी येऊन सगळे सर्च पुसले. लोकेशन बंद केलं. स्थळांचं ॲप उडवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन उघडला, तर तीच जाहिरात. मुलीच्या फोनवरही. मी फोन उलटा ठेवायला लागले. चारचौघांत आवाज बंद. स्वतःच्या फोनला घाबरत होते.

मग मंडळाच्या पेजवर फोटो आला, जाहिरात वाजण्याआधी काढलेला. #आपला_पाडवा #एक_परिवार. मी कडेला उभी होते. तिथूनच कापलेला. उरला होता फक्त माझा हात, झाऱ्यासकट.

मी खाली कमेंटमध्ये लिहिलं: "कापलेला हात माझा. मी बौद्ध आहे. मुलीसाठी स्थळ बघतेय." दोन्ही हॅशटॅग जोडले.

लगेच अध्यक्षीणबाईंचा फोन. "अरे वहिनी, डिलीट करो ना! ही पर्सनल बात आहे, सगळं इंदूर बघतं."

"पर्सनल माझी होती. ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली."

"फोटो तर सूनबाईनं टाकला जी. मला काय माहीत?"

"मग तिला पूर्ण फोटो टाकायला सांगा."

त्यांनी फोन ठेवला.

फोटो अजून तसाच आहे. जाहिरातीही येतात. त्या पाठवणाऱ्याचं दार मला माहीत नाही. मंडळातल्या बायकांचं माहीत आहे. कमेंट काढणार नाही. मंडळ सोडणार नाही. पुढच्या पाडव्याला कढईसमोर मीच उभी राहणार. झारा काढून घ्यायचा असेल, तर कारण सगळ्यांसमोर, माझ्या तोंडावर सांगायचं. ते ऐकूनही मी तिथून हलणार नाही.