अमेरिकेचा पाणीकायदा आणि जतची विहीर

जतची ट्रिप फुकटात झाली असं मी सांगत फिरतो. खरं म्हणजे डिझेल दोन हजार, दोघांचं खाणंपिणं सहाशे, पंक्चरचे दीडशे. त्यात रेवतीची अमेरिकेतली फी धरलेली नाही, आणि ट्रिप निघाली ती तिच्यामुळेच. पोरगी तिकडे कायद्याचा इतिहास शिकते. सुट्टीत तिला दुष्काळी भागातली पाण्याची वाटणी बघायची होती. म्हटलं, पाण्याचं मला विचार. वीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी विकतोय, आणि आपल्या भावाभावांच्या सामाईक विहिरीवर आजवर एका शब्दाचं भांडण नाही.

रहिमतपूरहून सकाळी सहाला निघालो. सांगलीत मार्केट यार्डाजवळ मिसळ हाणली. यार्डातल्या हळदीचा वास गाडीत मिरजेपर्यंत पुरला. टाकी मिरजेतच भरून घ्या. पुढे हळूहळू ऊस संपतो आणि रस्ता मोकळा होतो.

वाटेत रेवतीचा तास सुरू होता. अमेरिकेच्या पूर्वेला पाऊस बक्कळ, म्हणून तिथे इंग्लंडचा जुना नियम चालला: नदी ज्याच्या जमिनीला लागून, पाण्यावर हक्क त्याचा. पश्चिमेकडे सगळं कोरडं. तिथे सोनं खणणाऱ्यांनी आपसात ठरवलं की जो आधी पाणी वळवेल त्याचा हक्क पहिला, आणि कोर्टांनी पुढे त्याचाच कायदा केला. पण वर्षानुवर्षं वापरलं नाही तर हक्क जातो. मला धंदेवाल्याला हे एकदम पटलं. पुढचं नीट ऐकलं नाही.

जतच्या अलीकडे माझं जुनं गिऱ्हाईक मायाप्पा. त्याच्या सामाईक विहिरीवर पोचलो तर वाद पेटलेला. चुलतभाऊ बिरा तीन वर्षं मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात राहिला होता. आता परतून तो आठवड्यातली आपली दोन दिवसांची पाण्याची पाळी मागत होता. पाणी नाही मिळालं तर त्याची ज्वारी करपणार. मायाप्पाने त्या पाण्यावर डाळिंब लावून टाकलेलं.

मी पुढे होऊन अमेरिका सांगितली. मायाप्पा खूश. "बघ गड्या, अमेरिकेतबी तुजा हक्क गेलाय."

दोघांची चुलती कडेला बसून ऐकत होती. तिने रेवतीला विचारलं, "पोरी, त्यो कशापायी गेला हुता, ह्ये तुजा कायदा इचारतो का?"

"काही ठिकाणी विचारतो, आजी. सोडून द्यायचा इरादा नसेल तर हक्क राहतो."

"मग झालं की. जगायला गेल्याला सोडून गेला म्हनत न्हाईत. आदी त्याची मेंढरं पिऊ द्या, मग मोटर."

मेंढरांचं पिऊन झालं. मग मायाप्पाने स्टार्टरच्या पेटीची किल्ली काढून बिराच्या हातात दिली.

परतताना जतमध्ये जेवलो. भाकरी, शेंगाचटणी, झणझणीत आमटी, जरूर थांबा. सांगली येईपर्यंत रेवती चुलतीचं बोलणं वहीत उतरवत होती. मग म्हणाली, "बाबा, काकांची पाळी कोण वापरतं?"

मी टोलचे सुट्टे शोधायला लागलो. रस्त्यावर टोल नव्हता.

धाकटा भाऊ अठरा वर्षं फौजेत आहे. आमच्या विहिरीवर आठवड्यातले तीन दिवस त्याचे. सातही दिवस मोटर माझीच चालते.