तिसरा राउटर

नवं राज्य झालं आणि रायपुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय: नव्या कार्यालयांत कोण चिकटणार. ज्ञानदा देवपुजारीही त्याच आशेवर पुरानी बस्तीतून तेलीबांध्याला नेटवर्किंगच्या क्लासला जायची. सोबत आतेभाऊ निरंजन. यवतमाळहून आला तो यांच्याच घरी राहिला, यांच्याच चुलीवरचं जेवला, आणि त्याला समजावता समजावता ज्ञानदाच्या घशाला कोरड पडायची.

सरावाची त्यांची एक रीत होती. क्लासात ज्ञानदाच्या टेबलावर तीन राउटर. ही यंत्रं आपल्याला ठाऊक असलेले रस्ते एकमेकांना सांगत राहतात, पण दोघांचा पासवर्ड जुळला तरच एक दुसऱ्याचं ऐकतो. एकाने मुद्दाम बिघाड करायचा, दुसऱ्याने शोधायचा. मात्र बिघाड सेव्ह कधीच करायचा नाही. बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत. नियम ज्ञानदानेच घातला होता. निरंजन तो मोडेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एका नव्या कार्यालयात जागा एकच होती, ती क्लासच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याला. परीक्षेच्या सकाळी तिने रीतीप्रमाणे सगळं बंद-चालू केलं. मग क्लासच्या सरांनी एक बिघाड घातला, तो तिने चहा निवायच्या आत काढला. तरी तिसरा राउटर मुका तो मुकाच. बिघाड एकच आहे म्हणाले होते सर. म्हणजे आपल्याच हातून काही चुकलं, असं समजून ती पहिल्या दोघांतच खालीवर करत राहिली. तिसऱ्यावर आदल्या संध्याकाळी निरंजन बसला होता. तिथे संशयाने बघायचं तिला सुचलंच नाही. वेळ संपली. शेजारच्या टेबलावर निरंजनचं केव्हाच आटोपलं होतं.

सगळे गेल्यावर तिने तिसरा राउटर उघडला. पासवर्ड बदललेला, आणि नीट सेव्ह केलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातचं काही न राखता ज्याला शिकवलं, त्यानेच गळा कापावा?

घरी निरंजन पाटावर बसलेला, आई तबकात कुंकू कालवत होती.

"जागा लागली त्याले. ये, ओवाळ भावाले," आई म्हणाली.

ज्ञानदाने तिला आत ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पण तिला नवल वाटल्याचं काही दिसेना.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "काल विचारलं त्यानं मले. म्हणे, 'मामी, ज्ञानदाले नोकरी लागली तर मी हात हलवत परत जाईन. तिचं यंत्र बिघडवू का?' अन् पोरी, तुझं तर लग्नच पाहून राहिलो आम्ही. मी म्हटलं, हव, कर."

"मले काहून नाही विचारलं?"

"तू नाही म्हटलं असतं."

निरंजनशी ती कडाकडा भांडली असती. आईशी कसं भांडायचं? आईने तबक पुढे केलं. ज्ञानदाने ते घेतलं नाही.