साडूंची नजर पायांवर

आमच्या साडूंइतका माणसाच्या तोंडाकडे न बघणारा माणूस उभ्या पनवेलमध्ये सापडायचा नाही. ते मणक्याचे सर्जन. माणूस ओळखतात तो चालीवरून. भर बाजारात मला पाठीमागून नावाने हाक मारतात आणि समोरून गेलो तर ओळख देत नाहीत. माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटासोबत त्यांनी "डावी टाच जास्त झिजवतोस" हा शेराही दिला होता.

एकदा बेलपाड्याला माझ्या मित्राच्या भावाच्या हळदीला त्यांना घेऊन गेलो. मांडवात सगळे नाच बघत होते, साडू मित्राच्या आईचे पाय. काकींच्या पायातली चप्पल निसटली आणि त्या तशाच पुढे गेल्या. साडू ती चप्पल हातात घेऊन मांडवभर त्यांच्यामागे!

"काकी, चप्पल गेलेली कळली नाही?"

"नाय वो डागतर. पाय लाकडावानी झालेत. वात हाय, आमी रोज तेल चोळतो."

कमरेचा एमआरआय झाला होता, त्यात काहीच निघालं नव्हतं. साडू तिथेच कडाडले, "अहो, मग पाठीचा कोण काढणार?"

पाठीचा काढला आणि मज्जारज्जूला मागून चेपून बसलेली पाण्याची पिशवी दिसली. अशी गाठ क्वचितच सापडते. मित्राचा चेहरा उतरला.

"ऑपरेशनमध्ये आईचे पायच गेले तर?"

"तो धोका आहे. पण नाही केलं तर ते हळूहळू जाणारच आहेत. मी पिशवी उघडून दाब काढतो. रज्जूला धक्का लावत नाही." ब्लाउजला अस्तर लावून देतो म्हणावं, इतक्या सहज.

ऑपरेशन संपवून बाहेर आले ते कँटीनमधला वडा गरम आहे का, हे विचारतच. दुसऱ्या दिवशी काकींनी पायाचा अंगठा नीट हलवून दाखवला. पुढे वॉकर आला, मग वॉकरही सुटला, आणि एका रविवारी भलाथोरला जिताडा घेऊन काकी साडूंचा जिना चढून आल्या. साडू पक्के शाकाहारी. तरी त्यांनी तो मासा दोन्ही हातांनी घेतला आणि काकींची पाठ वळताच माझ्या पिशवीत टाकला.

मग म्हणाले, "चल, तळोज्याला जाऊन येऊ."

तिथे एका खोलीत चाकांच्या खुर्चीत एक तरणा माणूस कॅरम मांडून बसला होता. पूर्वी कारखान्यात पाळीवर जायचा. त्यालाही तशीच गाठ होती, पण साडूंपर्यंत पोचायला फार उशीर झाला. ऑपरेशन चोख झालं, पाय मात्र परतले नाहीत. साडू जमेल त्या रविवारी त्याच्याकडे खेळायला जातात, आणि निर्लज्जपणे चिडी खातात.

"डॉक्टर, राणी बोटाने ढकललीत तुम्ही!"

"ढकलली," साडू म्हणाले.

बाहेर अंधारून आलं होतं. मी दोनदा घड्याळ पाहिलं. साडूंनी सोंगट्या पुन्हा मधोमध मांडल्या.