अरविंदकाकांची पाच मिनिटं

अरविंदकाका गेले आणि मंडळाच्या ग्रुपवर पहिली श्रद्धांजली मी टाकली. तेवढाच निर्लज्जपणा बाकी होता.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये सगळे त्यांना ओळखायचे ते मंडळाच्या आरतीमुळे. रिटायर्ड इंजिनियर, पण टाळी कायम अर्धा ठोका उशिरा.

आम्ही मागे उभे राहून हसायचो.

"हसा लेको," ते म्हणायचे. "माझी टाळी रेकॉर्डवर आहे."

खरंच होती.

साठच्या दशकात ते इंग्लंडला शिकायला होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर चार पोरं राहायची. त्यांचा रॉक बँड होता, जेमतेम दीड वर्ष टिकला.

शो संपल्यावर राष्ट्रगीत वाजलं की अख्खा हॉल उभा राहायचा आणि हे चौघे स्टेजवर मांडी घालून बसायचे. पेपरवाले तुटून पडले. हॉल मिळेनात. रेडिओने गाणी बंद केली.

एकच रेकॉर्ड निघाली. त्यातल्या एका गाण्याला टाळ्या हव्या होत्या, म्हणून काकांनाही स्टुडिओत नेलं.

गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात काकांनी पाच मिनिटं मागितली. "गाणं वाजवतो, दोन शब्द बोलतो. बास."

कल्चरल सेक्रेटरी मी. रेकॉर्ड माझ्या हातात दिली, एमपीथ्री करून घे म्हणाले.

कमिटीने बँड गूगल केला. ड्रग्ज, बंदी, राष्ट्रगीताचा अपमान.

"यार, फॅमिली ऑडियन्स आहे," एक जण म्हणाला.

त्याच कार्यक्रमात आमची पोरं कसल्या गाण्यांवर नाचली, ते विचारू नका.

मी काकांना ईमेल केला. वेळेअभावी तुमचा आयटम कॅन्सल करावा लागतोय.

त्यांचा फोन आला. "म्हणजे पुन्हा बॅन झालो म्हण की." ते हसले. मीही हसलो.

रेकॉर्ड परत द्यायची राहूनच गेली. त्यांनीही मागितली नाही.

आज फ्युनरल होममध्ये त्यांच्या मुलीने मला विचारलं, "डॅडचं फेवरिट साँग कुठलं होतं? आय नेव्हर आस्क्ड."

रेकॉर्डचं सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "भजन लावू या."

घरी येऊन ती रेकॉर्ड काढली. माझ्या लेकीकडे प्लेअर आहे, हल्ली या पोरांना त्याचं वेड. म्हणजे वर्षभर तो माझ्याच घरात, वरच्या खोलीत होता. न ऐकताच मी तो ईमेल लिहिला होता.

तिसऱ्या गाण्यात टाळ्या सुरू झाल्या.

लेक म्हणाली, "बाबा, समवन्स क्लॅपिंग लेट."

"अरविंदकाका," मी म्हणालो.

त्या चार बदनाम पोरांनी उशिराची टाळी तशीच राहू दिली होती.

कापली ती आम्ही.

काका, उद्या रेकॉर्ड तुमच्या मुलीला नेऊन देतो, सगळं सांगून. भावपूर्ण वगैरे लिहायचा हक्क मी घालवलाय. नुसता नमस्कार करतो.