लाल दिवा विझेना

हसायचं नाही असं कबूल करा, मग सांगतो. बरं, राहू द्या. अख्खं काशीद गाव हसून झालंय, तुमचंच तेवढं काय राहिलंय!

मुरूडला माझा बर्फाचा धंदा. शाळा सातवीपर्यंत, पण नवं यंत्र दिसलं की मला राहवत नाही. तर कॉलेजच्या एक मॅडम यंत्राचे छोटे डबे घेऊन आल्या. गाड्या म्हणे आपसात बिनतारी बोलणार! वळणापलीकडे दुसरी डबेवाली गाडी असली की आपल्या डब्यावर लाल दिवा. मोबाईलला रेंज नसली तरी! म्हटलं, लावा. एक माझ्या कारला, एक आमच्या टेम्पोला. तालुक्यात पहिला मान आपला!

मॅडम सांगत होत्या, "काका, दिवा लागला की वेग कमी करायचा, आणि मग…" पुढचं ऐकतो कोण? मी ड्रायव्हर दत्तूला माझ्या पद्धतीनं समजावलं, "दिवा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललास तर माझ्याशी गाठ आहे!"

आता गंमत ऐका. काशीदच्या एका हॉटेलात लग्न. मालक नवं गिऱ्हाईक. म्हणाले, "शेठ, बाराच्या आत बर्फ आला तर अख्खा सीझन तुमचा." मी सकाळपासून तिथंच ठाण मांडून. बारा वाजत आले, टेम्पोचा पत्ता नाही. दत्तूचा फोन लागेना. म्हटलं, पुढं जाऊन बघावं. निघालो मुरूडकडे.

अवघड वळणाशी आलो आणि टिंग! लाल दिवा.

थांबलो. कोणी येईना, दिवा विझेना. मागे रिक्षा, तिच्यामागे पर्यटकांच्या गाड्या. हॉर्नवर हॉर्न! मी उतरून रस्त्यात हात पसरून उभा. "थांबा! पलीकडून काहीतरी मोठं येतंय!"

"काय येतंय शेठ, आगबोट?" रिक्षावाला म्हणाला.

"तुला दिसत नाही रे, डब्याला दिसतं!"

"मग डब्याला विचारा, जेवून येऊ का?"

मी तर पेटलोच. बिनतारी लहरी, सुरक्षा, परदेशात कसं असतं, सगळं सांगितलं. परदेश कुणी पाहिलाय? पण लोक ऐकत होते हो!

इतक्यात वळणापलीकडून चंद्राबाय चालत आली, डोक्यावर मासळीची पाटी. नेहमी आमच्याकडूनच बर्फ नेते.

"शेट, हिकडं तुमी पन तेच करताव?"

"तेच म्हणजे?"

"पल्याड तुमचाच टेम्पो आडवा उभा हाय. दत्तू कुनाला सोडत न्हाय. म्हनतो, दिवा इझल्याबिगर हलायचा न्हाय, शेटची ताकीद हाय. बर्फाचा पानी रस्त्यानं व्हातंय!"

मागे रिक्षावाला हसून हसून हँडलवर आडवा.

धावत गेलो. दत्तू छाती काढून उभा. "शेठ, एक इंच हललो नाही!"

त्याचा दिवा माझ्या कारमुळे, माझा त्याच्या टेम्पोमुळे!

टेम्पो घेऊन हॉटेलवर पोचलो, तर रिक्षावाला रिक्षा मागे वळवून आधीच पोचलेला, सगळं सांगून मोकळा! मालकांनी टेम्पोत डोकावून पाहिलं. "शेठ, पाणी आमच्या विहिरीला आहे."

नशीब, भुशाखाली निम्मा बर्फ शाबूत होता. लग्न निभावलं. मी मान खाली घालून म्हटलं, "मग सीझनचं काय?"

"सीझन तुमचाच. पण बर्फ एकटा दत्तू आणेल. तुम्ही आपलं दुकानात लाल दिवा लागलाय असं समजा. विझेपर्यंत जागचं हलायचं नाही!"

सीझन संपत आला. अजून विझलेला नाही.