चपला घालूनच आत या

मी शाळेत तांदूळ निवडायलते तवा मोठ्या सरांचा फोन वाजला. मोठे सर म्हंजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. बोलत बोलत व्हरांड्यातून माझ्याकडं आले अन् लांबच उभे राह्यले. खिचडीत मीठ कमी पडलं तर सैपाकघराच्या दारात येऊन चार माणसांत ओरडणारा माणूस ह्यो. त्यो लांब उभा राह्यला तवाच मला कळलं, काहीतरी झालंय. "गयाबाई, तुमचा अंकुश... परभणीला... स्टेशनवर..." मीच म्हणलं, "जिता हाय का न्हाई तेवढं सांगा." त्यांनी आडवी मान हलवली. मी सूप खाली ठेवलं. चुलीवर आधण आलं व्हतं, लेकरं जेवायची व्हती. जोडीच्या बाईला तांदूळ टाकायला सांगितलं अन् मंग निघाले.

स्टेशनच्या बाकड्यावर बसल्याबसल्या गेला म्हणे. दोन्हीकडं पोत्यात बांधलेले कॉम्प्युटर अन् मधी ह्यो. लोकांना वाटलं झोपलाय. गाडी आली, गाडी गेली, तरी उठंना, तवा कुणीतरी खांद्याला हलवलं. डॉक्टर म्हणला, झटका. चाळिशी बी झाली नव्हती. मयत घरी आली, तिच्यामागं ती पोती आली, अन् एका पिशवीत त्याच्या चपला आल्या. काळ्या, रबरी, टाचंपाशी झिजलेल्या. पुण्याला नोकरी करणाऱ्याच्या पायात असल्या चपला! कितीदा म्हणले व्हते, चांगला बूट घे. पोती शाळेनं उचलून नेली. चपलांना कुणी हात लावला न्हाई. मेलेल्या माणसाच्या चपला, कोण घेतंय... मी दाराआड ठिवल्या.

अंकुश माझ्या बहिणीचा. बहीण काविळीनं गेली तवा त्यो रांगत व्हता. बापानं दुसरं लगीन केलं अन् मोकळा झाला. मला मूलबाळ नव्हतं, मी घेऊन आले. आमची मेंढरं व्हती. मेंढरं बसतील तितं चूल मांडायची, उठतील तितून उचलायची. लेकरू पाठीवर, भांडी डोक्यावर. मंग मालकाला एका शेतात पान लागलं... साप चावला म्हंजे. गावात आणस्तोवर गेले. मेंढरं इकली अन् मी मजुरीला लागले. कापूस येचला, सडकंवर खडी फोडली. हात फुटले, त्याला तेल लावून परत फोडली. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई, सगळ्याच बाया करत व्हत्या. अंकुशला ह्याच शाळेत घातलं. तवा हितं पत्र्यातून पाणी गळायचं अन् लेकरं पोत्यावर बसायची. त्यो शिकला. परभणीला वसतिगृहात राह्यला, पुण्याला गेला, कॉम्प्युटरच्या कामाला लागला. गावानं मला सांगितलं, गयाबाई, तुमचं भलं झालं. अन् भलं झालेला ह्यो गडी एक दिवस टेम्पोत भंगार घालून परत आला.

भंगार म्हंजे, पुण्यातल्या कंपन्या जुने झाले म्हणून टाकून देतात ते कॉम्प्युटर. ह्यो अन् ह्याचे दोन दोस्त ते गोळा करायचे, सुट्टीत बसून नीट करायचे, त्यात लिनक्स टाकायचे अन् आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत नेऊन मांडायचे. वालूरकडच्या शाळा झाल्या, पेडगावकडं गेले, मंग आमची धरली. गावानं त्याचं नाव पाडलं, भंगारवाला. पारावर बसणाऱ्यांना दुसरा धंदा न्हाई. एक जण म्हणला, "काय गयाबाई, पुण्याचा साहेब आला का? आमच्या घरी फुटकी बादली हाय, न्यायला सांगा त्याला." मी म्हणलं, "तुमच्या घरी फुटकं लय हाय, एका खेपंत मावायचं न्हाई."

मला सही येते, त्याच्या पुढं अक्षर येत न्हाई. लिनक्स म्हणल्यावर मला ते कशाच्या तरी गोळीचं नाव वाटलं. मी त्याला इचारलं. त्यो जेवायला बसला व्हता, ताटात दही व्हतं. म्हणला, "मावशे, ह्याचं इरजण कुठून आणलंस?"

"शेजारणीकडून."

"काय दिलंस तिला?"

"इरजणाचं कुणी काही देत असतंय का? येडा का काय तू!"

"तिचं दही कमी झालं का मंग?"

"बोटभर इरजणानं काय कमी होतंय? जेव गप."

"तेच लिनक्स," म्हणला. "कॉम्प्युटर चालवायला आत जे लागतंय ते बाजारात इकत मिळतं. हे मातर जगभरच्या लोकांनी मिळून लावलंय. कुणीबी न्यावं, कुणालाबी द्यावं, आपल्या घरी लावावं. कुणाचं कमी होत न्हाई." मला तेवढं कळलं. त्याच्याहून जास्त कधी इचारलं न्हाई.

ज्यांना कळायला पाह्यजे व्हतं त्यांचं सांगते. शाळेतल्या कोपऱ्यातल्या खोलीत कॉम्प्युटर मांडले. उद्घाटनाला सरपंच आला. कडक इस्त्री, गळ्यात रुमाल. समद्या कॉम्प्युटरांना हळद-कुंकू लावलं. उदबत्ती कुठं लावावी तर एका शहाण्यानं ती कीबोर्डाच्या फटीत खोचली. अन् सरपंचानं नारळ घेतला अन् टेबलाच्या कोपऱ्यावर हाणला. जोर दावायचा व्हता ना बायामाणसांपुढं! समदं पाणी शेजारच्या कॉम्प्युटरच्या डब्यात. फट्ट झालं, पडदा काळा. टाळ्या वाजवायला वर केलेले हात तसेच. अन् ह्यो सरपंच रुमालानं हात पुसत म्हणतो काय, "बघा, फुकटातलं ते फुकटातलं. पहिल्याच दिवशी गेलं." स्वतः नारळ फोडला अन् स्वतःच निकाल दिला. अंकुशनं स्क्रू काढले. डबा उघडला, पुसला, माझ्या घरी आणला अन् पत्र्यावर कुरडया वाळत घातल्या व्हत्या त्याच्या शेजारी फडकं हातरून ठिवला. कुरडया वाळल्या तवा त्योबी वाळला. चालू झाला. पण सरपंच अजून सांगतो, लिनक्स आपल्याकडच्या हवेला टिकत न्हाई.

मंग शिक्षण खात्याचे साहेब आले तपासणीला. खुर्चीत मावंनात. पोरींनी त्यांना चित्र काढून दावलं, नकाशा दावला, गणिताचा खेळ दावला. साहेब म्हणले, "हे आमच्या ऑफिसातल्यासारखं दिसत न्हाई." अंकुश म्हणला, "दिसत न्हाई साहेब, पण चालतं." साहेब म्हणले, "फुकट हाय ना? मंग ह्याची जबाबदारी कुणाची?" म्हणला, "माझी." साहेबांना ते काही पटलं न्हाई. पाणी पिले, मी केलेली खिचडी दोनदा घेतली, 'असमाधानकारक' म्हणून लिहून गेले. खिचडी फुकटच व्हती, तिची जबाबदारी कुणी इचारली न्हाई.

अंकुश लय मोठा माणूस व्हता असं आता म्हणायलेत. मोठा बिठा काही नव्हता. हट्टी व्हता. भाजी तिखट झाली तर ताट सारायचा. महिना महिना फोन करायचा न्हाई. लग्नाचं काढलं की स्क्रू-डायवर घेऊन बसायचा. त्याला राग एकाच गोष्टीचा यायचा. मोठ्या सरांनी खोलीच्या दारावर पाटी लावली व्हती, चपला बाहेर काढाव्यात. लेकरं दारात चपला काढायची, रांगंनं हात जोडून आत जायची, भितीला टेकून बसायची, हात लावायची न्हाईत. अंकुशनं ती पाटी काढली. म्हणला, "देऊळ न्हाई हे. चपला घालूनच आत या. ज्याला पाया पडायचंय त्याचे हात कीबोर्डावर कवा पडायचे?" मोठे सर म्हणले, "धूळ होईल." ह्यो म्हणला, "होऊ द्या, झाडू हाय." अन् आपल्या त्या रबरी चपला फटक फटक वाजवत आत गेला. त्याच्यामागं पोरी. पह्यल्यांदा भीत भीत, मंग धडाधडा. मला म्हणला, "मावशे, तूबी ये." मी उंबऱ्याच्या बाहेर उभी. आमी कुणाच्या ओसरीवर चपला घालून गेलेली माणसं न्हाईत, मोठ्यांची आळी चपला काखंत मारून ओलांडलेली. म्हणलं, "माझं आत काय काम?" त्यो नुसता हसला. परत कधी आला की परत म्हणायचा, "येतीस का?" अन् मी परत तेच म्हणायची.

त्यो गेला अन् तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. मला वाटलं दुखवटा हाय, उघडतील. तेरावं झालं. पोरी सैपाकघरापाशी येऊन इचारायल्या, "आजी, खोली कवा उघडणार?" सातवीतली शेवंता तर रोज. तिचं गणित अर्धं राह्यलं व्हतं त्यात. मी मोठ्या सरांना जाऊन इचारलं. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. "गयाबाई, त्या खोलीला आमी अंकुशरावांचं नाव देणारोत. स्मारक. त्यांनी ठिवलं तसंच्या तसं ठिवायचं. पावित्र्य राखायचं."

"म्हंजे लेकरांनी बसायचं न्हाई?"

"वर्षातून एकदा उघडू की, पुण्यतिथीला."

जिता असताना भंगारवाला, अन् मेल्यावर अंकुशराव. मी म्हणलं, "सर, त्याला पुरला तितंच ठिवा की मंग, लेकरांची खोली कशाला अडिवता?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तेवढी कला त्यांना हाय.

शाळेत शोकसभा ठेवली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सरपंचाचं तोंड परातीयेवढं, साहेबाचं ताटायेवढं, आणखी कुणाकुणाची वाटीयेवढी, अन् खाली कोपऱ्यात माझा अंकुश, शिक्क्यायेवढा. भाषणं सुरू झाली. नारळ फोडणारा सरपंच रडला. रुमाल त्योच. "आमी त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं," म्हणला. ह्याचा खांदा मी फक्त तिरडीच्या टायमाला हुडकला व्हता, तवा त्यो सेलूला लग्नाला गेला व्हता. साहेब म्हणले, अंकुशरावांनी संगणकाची गंगा आणली. असमाधानकारक गंगा.

सभेला घरून निघतानाच मी दाराआडच्या त्या चपला पायात घातल्या व्हत्या. शेजारीण बघत राह्यली. "अगं माय, गयाबाई, मेलेल्याच्या..." मी म्हणलं, "मीच त्याला चालायला शिकवलं, मला काय व्हतंय." मोठ्या व्हत्या मला. अंगठा आवळून धरावा लागायला.

भाषणं झाल्यावर कुलूप काढलं, फोटोला हार घालायला. दारात समद्यांनी चपला काढल्या. ढीग पडला. ती पाटी परत लावलेली. आत कॉम्प्युटरांवर पांढरे कपडे टाकलेले, मयतावर टाकतात तसे, अन् मधल्या टेबलावर फोटो, शेजारी समई. मोठे सर म्हणले, "या, मावशीच्या हातानं दिवा लावू." मी उंबऱ्यापाशी आले. समदे माझ्या पायाकडं बघायले.

"गयाबाई, चपला..."

"घालूनच या म्हणला व्हता त्यो," मी म्हणलं, अन् आत गेले. पह्यल्यांदाच गेले. फटक फटक आवाज आला... लोकांच्या माना आपोआप वर झाल्या. त्यांनी त्यो आवाज ओळखला का न्हाई ते त्यांनाच ठाऊक, पण खिडकीतून डोकावणाऱ्या पोरींनी ओळखला. मी समई उचलून भितीकडंच्या फळीवर ठिवली. फोटो काखंत धरला. एकएक कपडा ओढून खाली टाकला. सरपंच म्हणला, "अहो, हे काय करायलात?" मी म्हणलं, "तुमी रडा, तुमचं चालू द्या." मंग खिडकीकडं बघून म्हणलं, "शेवंते, ये. तुझं गणित राह्यलंय म्हणत व्हतीस ना?"

ती दारापाशी आली अन् सवयीनं चपला काढायला वाकली. मी म्हणलं, "काढू नको." तिनं मोठ्या सरांकडं बघितलं. मोठ्या सरांनी सरपंचाकडं बघितलं. सरपंच फोटो काढणाऱ्या पोराच्या मोबाईलकडं बघायला. त्या मोबाईलमुळं कुणाला काही बोलता येईना. शेवंता आत आली, तिच्यामागं बाकीच्या आल्या, चिखलाच्या पायांनी, गणवेशाला हात पुसत. एकानंतर एक पडदे उजळले. अनवाणी उभ्या राह्यलेल्या मोठ्या माणसांना बसायला जागाच राह्यली न्हाई. हळूहळू बाहेर निघाले, ढिगात आपापल्या चपला हुडकत.

कुलपाची किल्ली मी घेऊन आलेय, कुणी मागायला आलं न्हाई अजून. येतील. तवा बघू. फोटो घरी चुलीवरच्या भितीला लावलाय, धुरानं काळा व्हायला. व्हऊ दे, त्यो काही लय गोरा नव्हता. कॉम्प्युटरांवरच्या पांढऱ्या कपड्यांची मी सैपाकघरात फडकी केलीत, भांडी उतरवायला बरी पडतात.

आता रोज शाळा सुटली की मी त्या खोलीत येते. सैपाकघरातून निघताना त्याच्या चपला घालते. हे बी हितंच सांगायले मी, अन् शेवंता टाइप करायलीय. लय हळू करती. मधीच माझ्याकडं बघून म्हणती, आजी, परत सांगा. तिच्या चपलंची माती वाळून खाली पडायलीय, बाकड्याखाली बारका ढीग झालाय. अंकुश असता तर त्या मातीवरून तसाच फटक फटक चालत गेला असता... तिचं झालं की झाडू घेते.