उघाडीवरचा बारावा फोटो

शाळेत भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोराला मी तास संपेपर्यंत बाकावर उभं करतो. अजूनही करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून माझे जुने विद्यार्थी मला हसतील. हसू देत. मुंजा, अमावस्या, झपाटलेल्या जागा... यातलं काही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. फक्त एक सकाळ आहे, तिचं काय करावं ते मला कळत नाही.

आपल्या कुलाबा जिल्ह्यात, पोयनाडच्या पुढे, धरमतर खाडीच्या काठाला एक आगरी वस्तीचं गाव आहे. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी काही वर्षं मी तिथे मास्तर होतो. गावाला लागून भातशेतं, मग खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या मध्यावर पाणी सोडायची लाकडी दारं – त्या जागेला तिकडे उघाडी म्हणतात. गावातून येणारी पायवाट तिथेच बांधावर चढते. आतल्या बाजूला एक खोलगट खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल होती. भरतीने खाडीतला चिखल बुडाला की सगळी पाखरं तिथे येऊन उभी राहायची. बगळे, कुदळे, तुतवार, आणि लांब लाल पायांचे शेकाटे.

मला फोटोचं वेड होतं. मुंबईहून लाँचने आणलेला सेकंडहँड कॅमेरा, एका रोलवर बारा फोटो. उडतं पाखरू त्यात पकडणं म्हणजे निव्वळ हट्ट. बहुतेक वेळा पांढरा धुरकट पट्टाच यायचा. शेकाट्यांचा अख्खा थवा पाण्यावरून उठतोय, पंख पूर्ण पसरलेत, पाय मागे लांबलेत... असा एक फोटो मला काहीही करून हवा होता. उघाडीपासून बांधावरूनच पुढे गेलं की खाजणाच्या टोकाला मी पेंढा आणि माडाची झापं लावून एक खोप बांधली होती. गावात तिला ‘मास्तरांची खोप’ म्हणत आणि मागे हसत.

पण मी एकटा खोपीत शिरलो की पाखरं दोन-दोन तास जवळ येत नसत. आत माणूस आहे हे त्यांना ठाऊक असायचं. एकदा मी भाकरी विसरलो म्हणून माझी बायको इंदू मागून आली, वाटेत मला गाठून खोपीपर्यंत माझ्याबरोबर चालली, डबा ठेवून परत गेली, आणि दहा मिनिटांत सगळा थवा पुढ्यात! तेव्हा उलगडलं. पाखरांना मोजता येत नाही. दोघं आत गेली, एक बाहेर आलं, की त्यांना वाटतं खोप रिकामी झाली.

त्यानंतर रविवारचा तो नेमच झाला. कुंदाला, म्हणजे आमच्या लेकीला, शेजारी ठेवून इंदू मला खोपीपर्यंत सोडायला यायची आणि काळी छत्री घेऊन बांधावरून हळूहळू परत जायची. तिला पाहून पाखरं उडत नसत. माना वळवून ती दूर जाईपर्यंत बघत राहायची, मग खाली चोच घालायची.

निघताना ती न चुकता म्हणायची, “अहो, आज एक माझा काढा.”

“शेवटचा तुझा,” मी म्हणायचो.

शेवटचाही पाखरांनाच जायचा. ती रागावली नाही कधी. चेष्टा करायची. “त्यांचे पाय लाल म्हणून त्यांचे फोटो होय! उद्या मी अळता लावून येते, मग तरी काढाल?” मी हसायचो. मला वाटायचं, ही काय, घरातच आहे... कधीही काढता येईल.

श्रावणात तिला ताप आला. आठ दिवस उतरला नाही. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. कुंदा तेव्हा पावणेदोन वर्षांची होती.

माझी धाकटी बहीण मुलीला सांभाळायला येऊन राहिली. पौषात एके दिवशी ती म्हणाली, “दादा, वहिनीचा एक फोटो दे. चौकटीत लावू या. कुंदाला मोठेपणी आई कशी होती ते दिसायला हवं ना?” मी फोटोंचा पत्र्याचा डबा जमिनीवर ओतला. बगळा, शेकाटा, बगळा, कुदळा, पुन्हा शेकाटा... बहीण एकेक उचलून बघत होती आणि बाजूला ठेवत होती. एवढ्या ढिगात इंदू एकदाही नव्हती. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत तिची मान खाली आहे, कपाळावरच्या मुंडावळ्यांखाली फक्त हनुवटी दिसते. बहिणीने फोटो पुन्हा डब्यात भरले आणि झाकण लावलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घरात बसवेना म्हणून मी कॅमेरा उचलला आणि सवयीने खाजणावर गेलो. एकटा. खोपीत शिरलो आणि गुडघ्यात डोकं घालून बसलो. पाखरं येणार नाहीत हे मला माहीतच होतं.

थोड्या वेळाने पंखांचा आवाज झाला. वर पाहिलं तर शेकाटे पुढ्यात उतरत होते. दोन तास सोडा, दहा मिनिटंही झाली नव्हती. मी यंत्रासारखे फोटो काढत गेलो. मग एकाएकी सगळ्यांनी माना वर केल्या आणि बांधाकडे वळवल्या. बगळ्यांनीसुद्धा. तिथे काही नव्हतं. तरी त्या माना हळूहळू सरकत होत्या... खोपीपासून बांधावरून पुढे, माणूस चालेल त्या चालीने. अकरावा फोटो मी तेव्हाच काढला.

उघाडीच्या रोखाने जाऊन माना थांबल्या. तिथून खाली गावाची वाट. पण नजरा खाली उतरल्या नाहीत, तिथेच खिळून राहिल्या. एकच फोटो शिल्लक होता, आणि त्याच क्षणी समोरचा अख्खा थवा उठला! ऊन अंगावर, पंख पसरलेले, पाय मागे लांबलेले. इतकी वर्षं हवा होता तोच. माझ्यापासून वीस हातांवर.

मी कॅमेरा फिरवला आणि रिकाम्या उघाडीचा फोटो काढला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. “हा तुझा,” असं मी मोठ्याने म्हणालो आणि मग खूप रडलो.

बाहेर येऊन उघाडीवर पोचलो तर आमची शेजारीण चांगुणामावशी खालच्या चिखलात, बांधाच्या आड, निवट्या मासे पकडत होती. कुंदा रविवारी तिच्याच घरी, तिच्या सुनांपाशी असायची. मी विचारलं, “मावशी, आत्ता इथे वर कोण उभं होतं?”

“कोन न्हाय, मास्तर. मी सकालपासना हितंच हाय.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मास्तरीनबाय उबी ऱ्हायाची हितं. दर आयतवारी. घरला जाताना थांबायची, पदर नीट करायची न् तुमच्या खोपीकडं तोंड करून उबी ऱ्हायाची जराशी. तुमाला म्हाईत न्हाय?”

मला माहीत नव्हतं. मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

“येक डाव मी इचारला, का गो थांबतंस? तर हासली. म्हनली, आज काढतील.”

पुढे मी तो अकरावा फोटो एका पक्षीजाणकार गृहस्थांना दाखवला. सगळ्या चोची एकाच दिशेला, एकही चुकार नाही. ते म्हणाले, कोल्हा असेल. असेलही. पण कोल्ह्याला पाहून पाखरं उभी राहत नाहीत. आणि उघाडीपर्यंत आला असता तर चांगुणामावशीला दिसला असता. मग म्हणाले, पाखरांची सवय असेल. चार-पाच महिने मोडलेली सवय त्या नेमक्या जागी येऊन थांबते, जी जागा मलाही ठाऊक नव्हती? त्यावर त्यांनी फोटो मला परत दिला. तेव्हापासून मी तो कुणाला दाखवलेला नाही.

आता कुंदा बारा वर्षांची आहे. चौकटीत तो बारावा फोटो आहे. बांध, लाकडी दारं, मागे खाडी. त्यात कुणी नाही. मी भिंगातून शेकडो वेळा पाहिलंय, खरंच कुणी नाही. घरी आलेले लोक विचारतात, हे कसलं चित्र लावलंय? तेव्हा कुंदाच उत्तर देते. मी तिला असं कधी शिकवलेलं नाही.

“तो माझ्या आईचा फोटो आहे,” ती सांगते. “बाबांनी काढलाय. जरा उशीर झाला.”